गर्भात वासाच्या पेशी कशा घडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीला नांदेड, परभणी, हिंगोली, बीड असं सगळीकडून आलेली ही मुलं. भ्रूणविकासाचा धडा निघाला की डोळा, हृदय, पाठीचा कणा यांवर प्रश्नांची रांग लागते. नाकाबद्दल कुणी विचारत नाही. मीही कितीतरी वर्षं तो भाग दोन वाक्यांत उरकायचे. मग आमच्याच घरात एक गोष्ट घडली आणि मला हा विषय मुळापासून वाचावा लागला. तेव्हापासून मी तो वर्गात सावकाश शिकवते, गावाकडे गेले की आशाताईंच्या बैठकीत बोलते, नात्यातल्या पोरीबाळींना सांगते. त्या निमित्ताने पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

वासाच्या चेतापेशी मेंदूतच तयार होतात ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो.

डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग असतो. वासाच्या पेशींचं उलटं आहे. त्या चेहऱ्याच्या कातडीत जन्मतात आणि तिथून मेंदूकडे धागा पाठवतात. भ्रूणाचे तीन थर तुम्ही शिकलाच आहात. त्यातल्या सगळ्यात बाहेरच्या थरापासून, म्हणजे बाह्यस्तरापासून, मधल्या पट्ट्यात मेंदू आणि मज्जारज्जू होतो, तर उरलेल्या भागाची कातडी होते. या दोन भागांच्या सीमेवर, डोक्याच्या बाजूला, घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी असते. शेताच्या बांधासारखीच ती, धड या वावरात नाही की त्या वावरात नाही. नाक, डोळ्याचं भिंग, कानाचा आतला भाग आणि पिट्युटरी ग्रंथीचा पुढचा भाग, सगळे या बांधावरच उगवतात. पिट्युटरी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

प्लॅकोड म्हणजे काय? तो कधी दिसतो?

या पट्टीवर ठरावीक जागी कातडीच्या पेशी उंच, दाट आणि जाड होतात. अशा जाड झालेल्या ठिगळाला प्लॅकोड म्हणतात. नाकाचे प्लॅकोड दोन असतात, चेहऱ्याच्या दोन बाजूंना. मानवी भ्रूणात ते चौथ्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतात. हा हिशेब गर्भधारणेपासूनचा आहे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, तो आकडा दोन आठवड्यांनी जास्त येतो. म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. पुष्कळ बायांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते आणि आत नाकाची जागा आखून झालेली असते.

पाचव्या आठवड्यात हे ठिगळ आत दबायला लागतं. भाकरीच्या उंड्याला अंगठ्याने खळगा पाडावा तसा तिथे खड्डा होतो. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी चेहऱ्याचे उंचवटे वाढतात. आतल्या बाजूचा उंचवटा वरच्या जबड्याच्या उंचवट्याला जाऊन मिळाला की वरचा ओठ सलग होतो. हे मिळणं राहिलं तर लेकरू दुभंगलेला ओठ घेऊन जन्मतं. ग्रहणात आईने विळी हातात घेतल्यामुळे ते होत नाही. एवढं मला इथे ठासून सांगायचं आहे, कारण अजूनही आमच्याकडे त्या बाईला जन्मभर बोल लावले जातात.

खड्डा खोल होत गेला की त्याच्या छताजवळच्या पेशी वास घेणाऱ्या होतात. बाकीचा भाग श्वासाच्या वाटेचं अस्तर होतो.

इथे नाक आणि तिथे डोळा, हे ठरवतं कोण?

शेजारी ठरवतात. कुठलीही पेशी आजूबाजूच्या पेशींकडून आलेल्या रासायनिक निरोपांवर चालते. सीमेवरच्या पट्टीला आधी एक सामाईक ओळख मिळते. सिक्स-१ आणि आया-१ या जनुकांचं काम तिथे सुरू होतं, पण कोणता अवयव व्हायचा ते अजून ठरलेलं नसतं.

कोंबडीच्या भ्रूणावर झालेल्या प्रयोगांतून यातली मोठी सुंदर गोष्ट कळली. या पट्टीचा कुठलाही तुकडा काढून निरोपांशिवाय वाढवला तर त्याचा कल डोळ्याचं भिंग होण्याकडे असतो. नाक व्हायचं असेल तर एफजीएफ नावाचा निरोप मिळावा लागतो, आणि तो नाकाच्या जागेजवळच्या ऊतींतून येतो. तो मिळाला की भिंगाचा विचार मागे पडतो आणि नाकाची वाट धरली जाते.

डोळा आणि नाक इतके जवळचे भाऊ आहेत हे पॅक्स-६ या जनुकामुळेही कळतं. उंदराच्या पिल्लात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर त्याला डोळेही नसतात आणि नाकही नसतं. माणसात एक प्रत बिघडली की डोळ्यातली रंगीत बुबुळाची चकती नीट बनत नाही, आणि अशा काहींची वासाची जाणीवही कमी असते. बाहेरून डोळ्याचा आजार वाटतो, पण मूळ त्या जुन्या बांधावर असतं.

कातडीच्या पेशीची चेतापेशी कशी होते?

खड्ड्यातल्या सगळ्याच पेशी चेतापेशी झाल्या तर त्यांना सांभाळणारं कुणी उरणार नाही. म्हणून आधी वाटणी होते. काही पेशींत एस्कल-१ हे जनुक चालू होतं आणि त्या चेतापेशी होण्याच्या रस्त्याला लागतात. लागताना त्या शेजारणीला नॉच नावाच्या यंत्रणेने बजावतात, की मी होते आहे, तू थांब. थांबलेल्या पेशींपैकी काही आधारपेशी होतात, काही तळाशी राखीव राहतात.

एस्कल-१ नंतर न्यूरोजेनिन-१ आणि न्यूरोडी-१ यांची पाळी येते. एस्कल-१ काढून टाकलेल्या उंदरांत वासाच्या बहुतेक चेतापेशी तयारच होत नाहीत, त्यावरून त्याचं महत्त्व कळलं. पुढे पेशीला दोन टोकं फुटतात. एक टोक नाकाच्या पोकळीकडे जातं, त्याच्या शेंड्यावर बारीक लवींचा झुबका येतो आणि तो शेंबडाच्या पातळ थरात पसरतो. दुसरं टोक मेंदूच्या दिशेने निघतं. हवेतला गंधाचा कण टिपणारी आणि मेंदूला जाऊन भिडणारी अशी ती एकच पेशी असते, मध्ये दुसरा टप्पा नसतो. शरीरातल्या इतर चेतापेशींची शरीरं कातडीआड, हाडाआड सुरक्षित असतात. ही एकटी बाहेरच्या हवेला तोंड देऊन उभी असते.

एका पेशीला सगळे वास कळतात का?

नाही. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी गंधग्राही प्रथिनांची जनुकं शोधली, त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. उंदरात अशी हजाराच्या आसपास जनुकं आहेत, माणसात चालू स्थितीतली सुमारे ४००. आणि प्रत्येक प्रौढ चेतापेशी त्यातलं एकच वापरते.

चारशेतून एक निवडायचं कसं? आधी ही सगळी जनुकं कुलूपबंद असतात, डीएनएची ती पानं घट्ट मिटलेली असतात. पेशी वयात येत असताना काही पानं किलकिली होतात. कोवळ्या पेशींत एकाहून जास्त जनुकांची हलकी चाहूल लागते असं २०१५ च्या सुमारास दिसून आलं. मग एक जनुक पूर्ण जोमाने चालू होतं, त्याचं प्रथिन तयार होतं, आणि ते प्रथिन तयार झाल्याची खूणच बाकीच्यांना कायमचं बंद करते. निवडीत बराचसा भाग योगायोगाचा आहे.

पहिल्या पावसाचा आमच्या काळ्या रानाचा वास असो की हुरड्याच्या आगटीचा, प्रत्येक वासात अनेक पेशी वेगवेगळ्या प्रमाणात जाग्या होतात आणि मेंदू त्या नक्षीवरून वास ओळखतो. ४०० प्रथिनांवर एवढं मोठं जग उभं राहतं ते असं.

धाग्याला मेंदूची वाट कशी सापडते? मध्ये तर हाड आहे.

वर्गातला हुशार मुलगा हमखास हे विचारतो. उत्तर असं की हाड नंतर होतं. धागे निघतात तेव्हा मध्ये मऊ ऊती असतात. ते सहाव्या-सातव्या आठवड्यात मेंदूच्या पुढच्या टोकाला पोचतात. नंतर त्या जागी हाड घडतं ते धाग्यांच्या जुड्यांना जागा सोडून, म्हणून ते चाळणीसारखं भोकाभोकांचं दिसतं.

धागे एकटे जात नाहीत. त्यांना वेढून घेणाऱ्या सोबतीच्या पेशी असतात. त्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या दुसऱ्याच भटक्या पेशीसमूहातून येतात, हे २०१० मध्ये स्पष्ट झालं. पहिले धागे वाट पाडतात, मागचे त्यांना धरून चालतात. आषाढात दिंडी चालते तसंच काहीसं, पुढच्याच्या पावलावर मागच्याचं पाऊल.

मेंदूला धागे भिडले की तिथला भाग फुगून बाहेर येतो, तोच घ्राणकंद. तो उभा राहण्यात धाग्यांचा केवढा वाटा आहे ते बेडकाच्या डिंभकांत कळलं. नाकाचा प्लॅकोड लवकर काढून टाकला तर त्या बाजूचा कंद घडत नाही. पाहुणा येईल म्हणून मेंदू आधीच खोली बांधून ठेवत नाही, पाहुणा दारात आला की बांधायला घेतो.

कंदात पोचल्यावर आणखी एक नवल आहे. एकच गंधग्राही वापरणाऱ्या पेशी नाकात विखुरलेल्या असतात, पण त्यांचे धागे कंदात येऊन ठरावीक गोंड्यांतच गोळा होतात. उंदरात १९९६ साली हे डोळ्यांनी दिसलं. गंधग्राही प्रथिन बदललं की धाग्याचा गोंडाही बदलतो. म्हणजे जे प्रथिन वास ओळखतं तेच पत्ताही लिहितं.

वासाचा आणि वयात येण्याचा काय संबंध?

या प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

माझ्या बहिणीचा मुलगा उदगीरजवळच्या गावात वाढला. अभ्यासात चांगला, उंचीने बरा. सोळा पूर्ण झाली तरी आवाज फुटला नव्हता, मिसरूड नव्हतं. घरच्यांनी म्हटलं, उशिरा होतं काहींचं. एका दवाखान्यात नेलं, तिथे ताकदीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. दुसऱ्या दवाखान्यात म्हणाले, अठरापर्यंत वाट बघा. पोरगं शाळेत गप्प गप्प राहायला लागलं, पोहायला विहिरीवर जाईना. याला वास येतो का, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मी जीवशास्त्र शिकवते आणि मीही नाही विचारलं, हे मला आजही टोचतं.

घडतं ते असं. नाकाच्या प्लॅकोडच्या भागात वासाच्या पेशींसोबत आणखी एक लहानसा गट तयार होतो. या पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक बनवतात. मुलगा असो की मुलगी, वयात येण्याचा पहिला इशारा याच संप्रेरकाचा. पण त्यांचं कामाचं ठिकाण नाकात नाही, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये आहे. म्हणून त्या गर्भातच स्थलांतर करतात, वासाच्या धाग्यांच्या कडेकडेने, चाळणीच्या जागेतून, मेंदूत. उंदरात त्या सगळ्या मिळून ८०० च्या आसपास भरतात. एवढ्या मूठभर पेशींवर पुढची पिढी अवलंबून असते. हा प्रवास १९८९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिला. यातल्या काही पेशी मुळात न्यूरल क्रेस्टमधून येतात का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण त्या नाकाच्या बाजूने निघतात यावर नाही.

हायपोथॅलॅमसमधून त्या ज्या ग्रंथीला इशारा देतात ती पिट्युटरी. तिचा पुढचा भाग त्याच जुन्या पट्टीवर, नाकाच्या प्लॅकोडच्या शेजारी जन्मलेला. गर्भात शेजारी असलेली दोन घरं पुढे आयुष्यभर एकमेकांशी बोलत राहतात.

आता वासाचे धागेच मेंदूपर्यंत पोचले नाहीत तर काय होईल? कंद नीट घडणार नाही, म्हणून वास येणार नाही. आणि धाग्यांच्या आधाराने निघालेल्या जीएनआरएच पेशी वाटेतच अडकतील, म्हणून शरीर वयात येणार नाही. या स्थितीला कालमन सिंड्रोम म्हणतात. फ्रान्झ कालमन यांनी १९४४ मध्ये काही घराण्यांत ती वर्णन केली. १९८९ मध्येच १९ आठवड्यांच्या एका गर्भाची तपासणी झाली, त्याला हा विकार होता. त्यात या पेशी मेंदूत एकही नव्हती. सगळ्या मेंदूच्या उंबरठ्याशी, चाळणीच्या हाडाच्या वर थांबलेल्या दिसल्या. १९९१ मध्ये याचं पहिलं जनुक सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर आहे, आता त्याला एनॉस-१ म्हणतात. त्यानंतर आणखी कितीतरी जनुकं सापडली आहेत.

एक्स गुणसूत्रावरचा दोष आईकडून मुलाला येऊ शकतो, आणि आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. भाच्याचं निदान झालं तेव्हा मला माझा मामा आठवला. मामाला दाढी आली नाही, त्याने लग्न केलं नाही. गावाने त्याला काय काय नावं ठेवली ते मी इथे लिहिणार नाही. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, त्याची तपासणी कधी झाली नाही, म्हणून खात्रीने बोलता येत नाही. पण आजी म्हणायची, दूध करपलं तरी त्याला कळत नसे.

बहिणीने मला रात्री फोन करून विचारलं, "ताई, माझ्यामुळं झालं का गं हे?" तिला मी सांगितलं तेच सगळ्या आयांना सांगते. जनुक कुठलं द्यायचं हे कुणाच्या हातात नसतं. वेळेवर दाखवणं हातात असतं.

मग यावर उपचार आहे का?

वास परत येत नाही. पण वयात येणं घडवून आणता येतं. मुलांना टेस्टोस्टेरॉनची, मुलींना इस्ट्रोजेनची औषधं हळूहळू वाढवत देतात. वेळेत सुरू झाली तर हाडंही मजबूत राहतात, कारण या संप्रेरकांशिवाय हाडं ठिसूळ होतात. पुढे मूल हवं असेल तेव्हा वेगळी इंजेक्शनं असतात, त्यांनी पुष्कळांना स्वतःची मुलं झाली आहेत. यासाठी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच जा. जवळ नसेल तर छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. प्रवास परवडतो, वाया गेलेली वर्षं परवडत नाहीत.

भाच्याचा आवाज उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत फुटला. फोनवर मी त्याला ओळखलंच नाही.

कोणत्या खुणा दिसल्या तर शंका घ्यावी?

मुलाला चौदा वर्षांपर्यंत किंवा मुलीला तेरा वर्षांपर्यंत वयात येण्याची कोणतीच खूण नसेल तर तपासणी करावी. तिच्या जोडीला वास न येणं असेल तर उशीर करूच नका. जन्मतः मुलग्याचे वृषण खाली उतरलेले नसणं, दुभंगलेला टाळू, एकच मूत्रपिंड असणं, किंवा एका हाताने काही करताना दुसरा हातही आपोआप तसाच हलणं, यांपैकी काही सोबत असू शकतं. भाचा लिहायला बसला की त्याच्या डाव्या हाताची बोटं हलायची. आम्ही ती सवय समजायचो आणि त्याच्या हातावर चापट मारायचो.

पोटातल्या बाळाला वास येतो का? ते तर पाण्यात असतं.

हा आशाताईंचा लाडका प्रश्न. शेवटच्या तिमाहीत येतो. सुरुवातीला नाकपुड्या पेशींच्या बुचाने बंद असतात, ते बूच पुढे विरघळतं. मग बाळ जे गर्भजल गिळतं, तेच नाकातूनही आतबाहेर होतं. आपल्यालाही कण शेंबडाच्या ओलाव्यात विरघळल्यावरच वास येतो, त्यामुळे पाणी हा अडथळा नाही.

आई खाते त्याचा वास गर्भजलात उतरतो. १९९५ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. गर्भजलाची तपासणी करायला आलेल्या काही बायांना आधी लसणाच्या कॅप्सूल दिल्या. मग लसूण घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाईच्या पाण्याचे नमुने जोडीजोडीने लोकांना हुंगायला दिले, तर पाच जोड्यांपैकी चार जोड्यांत लसणाचा नमुना ओळखू आला. २००० मध्ये फ्रान्समध्ये दिसलं की ज्या आयांनी गरोदरपणात बडीशेपेसारख्या वासाचं अ‍ॅनिस खाल्लं होतं, त्यांची बाळं जन्मतःच त्या वासाकडे तोंड वळवतात. गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांनी वरचं खाणं सुरू झाल्यावर गाजराच्या खिमटीला कमी नाक मुरडलं, असं २००१ मध्ये समोर आलं.

म्हणजे आमच्या घरच्या येसराच्या आमटीची, लसणाच्या ठेच्याची ओळख लेकराला पानावर बसण्याआधीच झालेली असते. जन्मल्यावर ते आईच्या छातीकडे सरकतं, त्यात या ओळखीच्या वासाचा हात असतो. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर आईच्या अंगावर ठेवा, मधोमध कापडांची गाठोडी नकोत.

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाच्या कानातून पू येतो, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. बाईला आवडीचं खाऊ घाला, त्याला एवढं कारण पुरे.

गरोदरपणात नाकासाठी काही खास खावं लागतं का?

खास नाकासाठी काही नाही. फॉलिक अ‍ॅसिड दिवस जाण्याआधीपासून घ्यावं, ते मेंदू-मज्जारज्जूच्या नळीसाठी. दारू, तंबाखू, मिश्री बंद. मुरुमांसाठीची अ‍ व्हिटॅमिनपासून बनवलेली औषधं गरोदरपणात अजिबात नकोत, कारण त्या औषधाच्या जातीचाच एक निरोप भ्रूणाचा चेहरा घडवताना वापरला जातो आणि बाहेरून आलेला जास्तीचा डोस तो बिघडवतो.

सोनोग्राफीत हे कळतं का?

नेहमीच्या सोनोग्राफीत ओठ, चेहरा दिसतो. वास येणार की नाही ते कळत नाही. जन्मानंतर गरज पडली तर एमआरआयमध्ये घ्राणकंद आहे की नाही हे दिसतं.

जनावरांतही असंच असतं का?

पाठीचा कणा असलेल्या सगळ्यांत मूळ आराखडा हाच. फरक एक सांगते, गावाकडच्या मुलांना तो लगेच पटतो. देवणीचा किंवा लाल कंधारीचा वळू गायीचं मूत हुंगून मान वर करतो आणि वरचा ओठ उलटा मुडपतो, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या वेळी तो कण नाकाच्या तळाशी असलेल्या एका वेगळ्या अवयवात ओढून घेत असतो. तो अवयवही नाकाच्या प्लॅकोडमधूनच येतो. माणसाच्या गर्भात तो दिसतो आणि पुढे निकामी होतो. मामा वळूच्या ओठावरून गाय माजावर आहे हे बरोबर ओळखायचा.

जन्मानंतर या पेशी नव्या होतात का? कोरोनात वास गेला होता, तो परत कसा आला?

होतात, आणि आयुष्यभर होत राहतात. मेंदूतली चेतापेशी मेली तर बहुतेक ठिकाणी तिची जागा भरत नाही. नाकातली मात्र काही आठवडे ते काही महिने जगते आणि तिच्या जागी नवी येते. तळाशी राखीव राहिलेल्या पेशी मी वर सांगितल्या, त्याच हे काम करतात. त्या दोन प्रकारच्या असतात. गोलसर पेशी रोजची भरती करतात, आणि आडव्या पसरलेल्या पेशी एरवी झोपलेल्या असतात, मोठी इजा झाली की जाग्या होतात. नवी पेशी गर्भात वापरलेलीच एस्कल-१, न्यूरोजेनिन-१ ही वाट पुन्हा चालते आणि तिचा धागा चाळणीच्या भोकातून कंदापर्यंत पुन्हा जातो. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या नाकातही भ्रूणातलं ते काम चालू असतं.

कोरोनाच्या विषाणूला शिरायला जे दार लागतं ते वासाच्या चेतापेशींवर जवळजवळ नसतं, आधारपेशींवर असतं, हे २०२० मध्ये दिसलं. आधार खचला म्हणून चेतापेशी निकामी झाल्या. आधार सावरला तसा बहुतेकांचा वास परतला. माझ्या आईला २०२१ मध्ये परतलेला वास आधी विचित्र होता, भाजलेली मिरची तिला जळक्या रबरासारखी वाटायची. नवे धागे नीट जाऊन बसेपर्यंत असं होऊ शकतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये वासाच्या सरावाची पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, लक्ष देऊन, बारा आठवडे हुंगायचे. आईने ते केलं आणि तिला फरक पडला.

डोक्याला जोराचा मार लागला तर चाळणीच्या भोकांतले धागे एका झटक्यात तुटतात, आणि तिथे व्रण धरला तर नव्या धाग्यांना वाट सापडत नाही. मोटारसायकलवर हेल्मेट घाला.

भारतात यावर काम झालं आहे का?

झालं आहे आणि जगाने त्याची दखल घेतली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सत्तरच्या दशकात फळमाशीच्या वास-चवीच्या जाणिवेचं जनुकीय विश्लेषण केलं, ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. गंधग्राहींची जनुकं सापडायला तेव्हा तेरा वर्षं होती. माशीच्या मिशीवरची काही वासकेंद्रं घडवायला अटोनल नावाचं जनुक लागतं, हे रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवलं. हे जनुक एस्कल-१ आणि न्यूरोजेनिन यांच्या मोठ्या कुटुंबातलंच आहे. सिद्दीकींनीच पुढे बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं. आमच्या मुलींना मी रॉड्रिग्जबाईंचं नाव मुद्दाम सांगते.

वास येतो की नाही हे घरी कसं तपासायचं?

यात एक मोठी फसगत आहे. भाच्याला फोडणीचा ठसका लागायचा, कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी यायचं, मलम लावलं की नाकात गार वाटायचं. म्हणून त्याच्या नाकाबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही. पण ठसका, झोंबणं, गारवा हे चेहऱ्याच्या वेगळ्याच चेतेचं काम आहे. तिचा वासाच्या पेशींशी संबंध नाही. म्हणून तपासायला कांदा, मिरची, कापूर, बाम, अमोनिया यांतलं काही वापरू नका. गुलाबपाणी, व्हॅनिला, कॉफीची पूड हे चांगले. डोळे बंद करायला सांगा, एक नाकपुडी दाबा, आणि एकदा वासाची वस्तू, एकदा बिनवासाची, असं उलटसुलट पाचसहा वेळा द्या. आधी नाव सांगू नका. सर्दी असेल तर थांबा.

आणि नुसतं "वास येतो का?" असं विचारून भागत नाही. ज्याला जन्मापासून वास नाही त्याला वास म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. इतरांचं बघून तोही फुलाला नाक लावतो, पहिला पाऊस पडला की "काय मस्त वास सुटलाय" म्हणतो. भाचाही म्हणायचा.

त्याची परीक्षा मी आमच्या स्वयंपाकघरातच घेतली. दोन वाट्या घेतल्या, एकीत गुलाबपाणी, दुसरीत माठातलं पाणी. तो डोळे मिटून दोन्ही वाट्या बराच वेळ हुंगत बसला, पुन्हा पहिली घेतली, पुन्हा दुसरी. मग म्हणाला, "मावशी, दोन्हीत पाणीच आहे की."